पाणी कुठे मुरतंय

गाडी बघायला गेले त्या दिवशी रेक्सममध्ये ऊन होतं,
फसवणूक म्हणायची तर तेवढीच.
मिस्टर पॅरींनी काही लपवलं नाही.
बायको चालवायची, म्हणाले,
चॅपल, बाजार, बहिणीकडे रुथिनला.
किल्ली त्यांच्या तळव्यातून सुटायला
जरा वेळ लागला.

सोळा वर्षांची होंडा. एक्क्याण्णव हजार मैल.
अकराशे पौंड, रबरी मॅट्स फुकट.
जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं
कधी सेकंडहँड गाडी घेतली नसावी.

हीटरचा पंखा एक-दोन-तीनवर मुका,
चारवर मात्र घोंगावणारं वादळ.
ग्लोव्ह बॉक्सच्या मागे कोपरापर्यंत हात घालून
काडेपेटीएवढा रेझिस्टर बदलला, बारा पौंड
आणि मनगटावर एक ओरखडा.
आता तो दोनवर चालतो.
दोनवर चालणारा पंखा म्हणजे काय चैन असते
ते मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं.
कोणाला पटलं नाही.

हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक सोडत नव्हतं.
तेल, तारेचा ब्रश, पुन्हा तेल.
शेवटी शिव्या. त्या मराठीत होत्या, म्हणून गल्लीत निभावलं.

आणि मग ते डुबुक.
पावसानंतर पहिल्याच वळणावर
मागे कोणी कळशी हिंदकळावी तसं.
ब्रेक मारला की पुढे, सोडला की मागे.
डिकीचा गालिचा उचलला तर स्टेपनीच्या खळग्यात तळं,
तळाशी वीस पेन्सचं नाणं,
वर तरंगणारे कुत्र्याचे पांढरे केस.
कुत्र्याबद्दल पॅरी काही बोलले नव्हते.

विट्याचा मामा, जन्मभर ट्रकचे पाटे बसवलेला,
व्हिडिओवर बघून म्हणाला, पाणी कुठेतरी मुरतंय.
म्हटलं, मामा, ते दिसतंयच की.
तो म्हणाला, दिसत नाही ना, म्हणून तर.
तू आत बस. बाहेरून कुणालातरी पाणी मारायला सांग.
उजेडात नुसती गाडी दिसते,
गळती अंधारातच सापडते.

शेजारची आयर्लिस, वय एक्क्याऐंशी,
गुलाबांचा पाईप घेऊन सपातांवरच आली.
मी गुडघे हनुवटीला लावून आत,
दातांत टॉर्च.
तिनं झाकण लावलं.

ओल्या कुत्र्याचा वास.
पत्र्यावर पाण्याची झोड, आणि पलीकडून आयर्लिस
काहीतरी लांबलचक सांगत होती,
मला फक्त "आणि मग" एवढंच कळत होतं.
दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातले आकडे वाचणारी मी
डाव्या दिव्यामागच्या रबराकडे टक लावून बसले.
आधी काहीच नाही.
मग कडेला एक चमक, मग तिला पोट आलं,
मग ती लोंबली.
घाई अशी नव्हतीच तिला.
टप्.

सापडलं, मी ओरडले. टॉर्च पडला.
आयर्लिसनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
डिकीचं बटणही गेलेलं,
हे आम्हाला तेव्हा कळलं.
मागची सीट आतून ढकलून पाडली
आणि दोन दारांच्या मधून
पोत्यासारखी बाहेर आले.
ती म्हणाली, चहा टाकते,
आणि पाईप बंद करायचं विसरून आत गेली.

दिव्याचं रबर बदललं, कडेनं सीलंट,
खळग्यात जुने पेपर घालून दोन रात्री वाळवलं.
नाणं ॲशट्रेत ठेवलं. केस
बोटांनी निघाले तेवढे काढले.

सोमवारी मुसळधार. बायपासवर पहिलं वळण.
कान मागे.
काही नाही. दुसरं वळण, काही नाही.
तिसऱ्याला, पुढच्या डाव्या चाकातून,
आजवर त्या डुबुकखाली दबलेलं
अगदी बारीक टक, टक, टक.

रेडिओ बंद केला.
स्टिअरिंग जरासं डावीकडे वळवून
पुन्हा ऐकलं.